केसच्या नावात नसलेली माणसं

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या ग्रंथालयात संस्कृत व्याकरणाचा कोश उघडून बसले होते. भाषांतराच्या कामात एक संज्ञा अडली होती. बाहेर भुरभुर चालू होती, छताचा पंखा कुरकुरत होता आणि पानांना दमट, किंचित आंबूस वास येत होता. समोरच्या खुर्चीवर विशीतला एक मुलगा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मांडून बसला होता. कोशाच्या पाठीवरचं नाव त्याने मान वाकडी करून वाचलं, कानातलं काढलं आणि अदबीने विचारलं, "मॅडम, सॉरी, पण हे अभ्यंकर म्हणजे जोशी-अभ्यंकर खून केसमधले का?" मी हो म्हटलं. त्याचे डोळे लकाकले. मग कुजबुजत्या आवाजात त्याने मला सगळी हकिगत सांगितली. नायलॉनचा दोर, गाठ मारायची विशिष्ट पद्धत, पोलिसांच्या कुत्र्यांना माग लागू नये म्हणून फवारलेला सेंट, कोणत्या तारखेला कोणतं घर. तारखा बिनचूक होत्या. चौघा मारेकऱ्यांची नावं त्याने न अडखळता घेतली, कोण म्होरक्या होता, कोण माफीचा साक्षीदार झाला, तेही सांगितलं. निघताना त्याने कोशाच्या पाठीचा फोटो काढू का असं विचारलं आणि काढला. पुस्तक उघडून मात्र पाहिलं नाही.

तो गेला, आणि बराच वेळ माझं कोशात लक्ष लागेना.

त्याच्यावर रागवावं असं काहीच नव्हतं. सुसंस्कृत मुलगा होता, मन लावून ऐकलेलं तो मन लावून सांगत होता. ज्या माणसाने ते पुस्तक लिहिलं त्याच्या मृत्यूची रात्र या मुलाला मिनिटामिनिटाने ठाऊक होती आणि त्याआधीची पंच्याऐंशीहून अधिक वर्षं त्याच्या लेखी कोरी होती, एवढंच मला टोचत राहिलं. आणि टोचलं ते का, हेही लगेच कळेना. कारण ही हकिगत त्याच्याआधी मीच कितीतरी जणांना सांगितली आहे. हॉस्टेलवर, लग्नघरात जागताना, सहलीच्या बसमध्ये. मी तेव्हा पुण्यात होते, शाळेत होते, आमचं घर एरंडवण्यात होतं, एवढं म्हटलं की लोक सरसावून बसायचे.

१९७६ चा डिसेंबर. आणीबाणी चालू होती, त्यामुळे मोठी माणसं तशीही हळू आवाजातच बोलायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी विजयानगर कॉलनीत जोशींच्या घरातली तिघं मारली गेली होती. दिवाळीचा फराळ अजून डब्यात तळाशी उरला होता, तेव्हाची ती गोष्ट. मग १ डिसेंबरला, बुधवारी रात्री, भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात पाच जण. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. आईने सकाळी घट मांडला, कलशात पाच पानं ठेवली, नारळाला हळदीकुंकू लावलं. संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारपाजारच्या बायका यायच्या, त्या दिवशी कुणी आलं नाही. केळी ताटात तशीच राहिली. उदबत्ती जळून गेली तरी खोलीत तिचा वास कोंडून राहिला, कारण खिडक्या बंद होत्या. त्या महिन्यात आमच्या खिडक्या दिवेलागणीला लागायच्या त्या सकाळी दूध आल्यावरच उघडायच्या. बाबांनी दाराला लोखंडी साखळी बसवून घेतली. सुतार दिवसभर आळीत कुणाकुणाकडे तेच काम करत फिरत होता आणि भुश्याचा वास घरोघरी होता. रात्री कडी, वरची खिट्टी, साखळी आणि तिच्या जोडीला आजीने सरकवलेली लोखंडी पेटी, अशा क्रमाने दार बंद व्हायचं. तो पेटी फरशीवरून ओढल्याचा आवाज अजून माझ्या दातांत आहे. संध्याकाळी सहानंतर रस्ते ओस. भिंतीवर ओळखीची सावली हलली तरी आम्ही बहिणी एकमेकींचा हात धरायचो.

त्या भीतीत एक प्रकारची ऊबही होती, हे लिहायला मला संकोच वाटतो. सगळे घरात, लवकर जेवणं, एकाच खोलीत अंथरुणं, बाबा कुठे बाहेर नाहीत. धोका बाहेर होता आणि आम्ही आत होतो. मला वाटतं, गुन्ह्यांच्या हकिगती ऐकायला आपल्याला आवडतात ते पुष्कळदा या उबेसाठी. कुणाच्या तरी दारावर घाव पडला आहे आणि आपलं दार शाबूत आहे.

मार्च १९७७ मध्ये निवडणुकीचे निकाल लागले. रस्त्यावर गुलाल, फटाके, अनोळखी लोक एकमेकांना पेढे भरवत होते. आणीबाणी उठली. त्याच आठवड्यात, २३ तारखेच्या रात्री, त्या चौघांनी आपल्याच कॉलेजातल्या एका मित्राचा धाकटा भाऊ मारला. दुसऱ्या दिवशी नदीत प्रेत सापडलं, दिल्लीत नव्या पंतप्रधानांचा शपथविधी झाला तोच दिवस. महिना संपायच्या आत चौघं पकडले गेले. टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयातली मुलं निघाली. ब्रश आणि कागद घेऊन हिंडणारी, चहाला ओळखीच्या टपरीवर थांबणारी. नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात त्यांना फाशी झाली. त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला ती पाठ असतील, आणि नसली तर नसू द्यात.

त्या मुलाशी बोलणं झाल्यावर मी घरी येऊन सगळी माणसं एका कागदावर मांडली. मारले गेलेले एकूण दहा. केसच्या नावात आडनावं दोन. पहिला बळी होता एका हॉटेलमालकाचा मुलगा, याच चौघांच्या बरोबर शिकणारा. १५ जानेवारी १९७६. त्याला मारण्याआधी त्याच्याच हातून घर सोडून जात असल्याची चिठ्ठी लिहून घेतली होती. प्रेत पिंपात घालून सारसबागेशेजारच्या तळ्यात टाकलं होतं आणि ते बाहेर आलं ते आरोपी पकडल्यानंतर, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर. या सबंध काळात शहराच्या हिशेबी तो मेलेलाच नव्हता. दार-खिडक्या लावून घाबरत बसलेल्या पुण्यात एक घर असं होतं की जिथे दार उघडं ठेवायची ओढ असणार, मुलगा रात्री-बेरात्री परत आला तर. त्या घराचा विचार मी इतक्या वर्षांत केला नव्हता. त्याचं आडनाव केसच्या नावात नाही. शेवटच्या, नदीत सापडलेल्या मुलाचंही नाही.

आणि अभ्यंकरांच्या घरातली पाच माणसं म्हणजे पाच अभ्यंकर नव्हेत. म्हातारे काशिनाथशास्त्री, त्यांची पत्नी, नातू, नात आणि घरात कामाला असलेल्या बाई. साठीच्या आसपासच्या. त्या रात्री त्या तिथे होत्या कारण ते त्यांचं काम होतं. त्यांचं नाव सरकारी कागदांत आहे, छापील मजकुरातही कधी ओळीच्या शेवटी येतं. पण बोलताना आपण जेव्हा "अभ्यंकर कुटुंब" म्हणतो तेव्हा त्या आपोआप बाहेर पडतात, किंवा आपोआप आत ओढल्या जातात, आणि दोन्ही तितकंच चुकीचं आहे. त्यांना त्यांचं घर असणार. गुरुवारी सकाळी तिथेही कुणीतरी वाट पाहिली असणार. त्या घराचा पत्ता कोणत्याच हकिगतीत येत नाही, तिथे जाऊन कुणी "इथेच बरं का तो" असं म्हणून बोट दाखवत नाही. त्यांचं नाव मी लिहावं की नाही यावर खूप विचार केला. नाव घेतलं तर त्यांची आठवण राहील, असं मन एकीकडे म्हणतं. पण या दहाही जणांचे नातेवाईक अजून या शहरात असतील, आणि दर दोन-तीन वर्षांनी नव्याने कुणीतरी त्यांच्या माणसांची नावं पार्श्वसंगीतासह उच्चारत असेल, तेव्हा त्यांना काय वाटत असेल? न लिहिणंच मला बरं वाटलं. पूर्ण समाधान त्यातही नाही.

काशिनाथशास्त्रींबद्दल मात्र लिहिता येतं, कारण ते स्वतःहून लोकांसमोर आलेले होते, पुस्तकांतून. वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर. त्यांनी पतंजलीचं व्याकरणमहाभाष्य मराठीत आणलं आणि त्या खंडांना जोडलेला प्रस्तावनेचा खंड मुलाने लिहिला. काशिनाथशास्त्रींनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात संस्कृत शिकवलं. व्याकरणातल्या परिभाषांचे, म्हणजे सूत्रांचा अर्थ लावायच्या नियमांचे, निरनिराळ्या परंपरांतले ग्रंथ एकत्र करून त्यांनी संपादलेला संग्रह १९६७ साली भांडारकर संस्थेने छापला. ती संस्था त्या बंगल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि माझ्यासमोर होता तो कोश, बडोद्याहून १९६१ साली पहिल्यांदा निघालेला. पाणिनीय परंपरेतली एखादी संज्ञा कुणी, कुठे, कोणत्या अर्थाने वापरली हे आडवंउभं तपासून एका जागी ठेवायचं काम किती चिवट असतं, हे ज्याने कधी एखादी साधी शब्दसूची केली आहे त्याला कळेल. कार्डं, पेन्सिली, पुन्हा तपासणी, पुन्हा कार्डं. त्या कोशाची दुसरी, सुधारलेली आवृत्ती १९७७ साली बाहेर आली. खुनानंतरच्या वर्षात. एकीकडे शहर रोज नव्या अफवेने हादरत होतं आणि दुसरीकडे बडोद्याच्या छापखान्यात त्या माणसाचं नाव मुखपृष्ठावर पुन्हा जुळवलं जात होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सन पाहण्यासाठी मी पहिलं पान उलटलं तेव्हा कळलं.

गोष्ट सांगताना आपण मारणाऱ्यापासून सुरुवात करतो, याचं एक कारण मला परभणीला कळलं असावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याकडे जायचो. अंगणात बाजा टाकून झोपायचं, पाणी शिंपडलेल्या जमिनीचा वास, दूर कुठेतरी जिनिंगची घरघर. शेजारची म्हातारी आमच्या बाजेच्या कडेला टेकायची आणि मानवतची गोष्ट सांगायची. तेव्हा ती फार जुनी झालेली नव्हती. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या सव्वा वर्षात मानवत परिसरात लहान मुली आणि बायका एकामागून एक मारल्या गेल्या होत्या. म्हातारीच्या गोष्टीत पिंपळ होता, गुप्तधन होतं, मुंजा होता, अमावस्या होती, गावातला पैसेवाला पुढारी होता आणि त्याने ठेवलेली बाई होती. "लेकरंहो, पिंपळाकडं जाऊ नका," असं म्हणून ती उठायची आणि आम्ही चादरी डोक्यावर ओढून घामाने भिजत पडायचो. मुली कोण होत्या, त्या वेळी बाहेर का होत्या, हे तिच्या गोष्टीत कधी आलं नाही. आता वाटतं, ते यायला हवं होतं, कारण तीच खरी त्या मुलखाची गोष्ट होती. बहात्तरचा दुष्काळ. मिलोची लाल भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं. मोठी माणसं दिवसभर कामावर, आणि पाणी, सरपण, शेण आणायला पोरी लांब लांब एकट्या जायच्या. एकट्या मुलीचं एकटेपण आधी दुष्काळाने तयार केलं होतं, हे कुणी अंगणात सांगत नाही. पिंपळ सांगतात.

दुसरंही एक आहे. ज्या दोघांभोवती म्हातारीची सगळी गोष्ट फिरायची, तो पुढारी आणि ती बाई, ते दोघंही वरच्या न्यायालयात निर्दोष सुटले. शिक्षा झाल्या त्या दुसऱ्यांना. पण मराठवाड्यात आजही विचारून पाहा, गोष्टीतला खलनायक तोच आहे आणि ती बाई तर चेटकीणच आहे. ती पारधी होती. तिच्यामुळे भोवतालच्या पारधी वस्त्यांकडे लोक कसे पाहू लागले असतील, याची कल्पना करायला अवघड नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, पण आमच्या बाजेवरच्या गोष्टीत तो शाबूत होता. रहस्य उलगडल्याचं समाधान माणसाला इतकं हवं असतं की न्यायालयाने सोडून दिलेली गाठ लोक आपल्या हाताने मारून टाकतात.

बळी गेलेल्याचा आवाज लोकांनी जपून ठेवल्याचं मला एकच उदाहरण आठवतं, तेही पुण्याचंच. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, अठरा वर्षांच्या नारायणरावाला गारद्यांनी गाठलं. "काका मला वाचवा" ही त्याची हाक अडीचशे वर्षं झाली तरी पौर्णिमेच्या, अमावस्येच्या रात्री ऐकू येते म्हणतात. लहानपणी आम्ही ती ऐकायला म्हणून वाड्याच्या भिंतीला कान लावलेले आहेत. दगड गार, शेवाळलेला, आणि पलीकडून फक्त वाहनांचा आवाज. इथे रहस्यही आहे. 'ध' चा 'मा' नेमका कुणी केला, यावर पुण्यात अजून जेवणाची ताटं वाळतात. पण त्याच दिवशी वाड्यात आणखी माणसं कापली गेली. चाफाजी टिळेकर नावाचा एक सेवक धन्याला वाचवायला त्याच्या अंगावर आडवा पडला आणि तसाच मेला. दासीही मेल्या. अमावस्येला त्यांच्यापैकी कुणाचाही आवाज येत नाही. त्यांच्या तोंडी घालायला लोकांना एक वाक्यसुद्धा सुचलं नाही. पेशव्याच्या वाड्यातल्या दासी आणि भांडारकर रस्त्यावरच्या त्या बाई यांच्यामध्ये दोन शतकं आहेत आणि दोन शतकांत आपली सांगण्याची पद्धत बदललेली नाही.

नोकराणीला निदान धन्याच्या घराचा पत्ता तरी मिळतो. माटुंग्याला मी पाहिलं ते त्याच्याही पलीकडचं होतं.

शिकायला म्हणून मी मुंबईत गेले, आणि माटुंग्याला मुलींच्या हॉस्टेलवर राहत होते. १९८५ नंतरची ती वर्षं. सायन आणि किंग्ज सर्कलच्या भागात रात्री फुटपाथवर झोपलेल्या माणसांची डोकी कुणीतरी दगडाने ठेचत होतं. मोठा, तीस किलोपर्यंतचा दगड. एकटा झोपलेला माणूस बघायचा, आडोसा बघायचा, आणि एकच घाव. दोनेक वर्षांत बारा जण गेले. पाच-सहा खून होईपर्यंत हे एकाच हाताचं काम असावं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एक जण वाचला, हॉटेलात वेटर होता, उघड्यावरच झोपायचा. पण अंधार इतका की त्याला चेहरा दिसला नाही. मग खून थांबले. पुढे १९८९ मध्ये कलकत्त्यात तशीच मालिका झाली, तिथे तेरा जण मेले. दोन्ही शहरांत कुणीही सापडलं नाही. हात एकच होता की दोन, हेही कुणाला सांगता आलेलं नाही.

आणि मला त्या काळातली भीती आठवत नाही. मी आठवायचा प्रयत्न केला, अगदी डोळे मिटून केला. पहाटे हाराच्या दुकानांपाशी सांडलेली झेंडूची ओली पानं आठवतात, कॉफी दळल्याचा वास आठवतो, अरोरा टॉकीजबाहेरची दाक्षिणात्य सिनेमांची पोस्टरं आठवतात. पुलाच्या खांबाला टेकून मळक्या चादरी गुंडाळून झोपलेली माणसं आठवतात, कारण सकाळच्या तासाला जाताना त्यांना वळसा घालून जावं लागायचं. पण हॉस्टेलच्या बाईंनी कधी जास्तीचं कुलूप लावलं नाही. कुठल्या सुताराला साखळ्या बसवायचं काम मिळालं नाही. सहाला रस्ते ओस पडले नाहीत. आम्ही रात्रीचा शो बघून चालत यायचो. दहा खुनांनी पुणं महिनोन्‌महिने दाराआड बसलं आणि बारा खुनांनी माटुंग्यातल्या एकाही दाराची कडी हलली नाही, कारण या वेळी धोका फक्त त्यांना होता ज्यांच्याकडे दारच नव्हतं. पेटी ओढून कशाला लावायची, फुटपाथला?

त्या बारांपैकी बहुतेकांची ओळखच पटली नाही. एकटे झोपत होते, म्हणून तर त्यांना निवडलं गेलं होतं, आणि एकटे झोपत होते म्हणूनच त्यांचं प्रेत ओळखायला कुणी आलं नाही. मारणाऱ्याला ज्याचा फायदा झाला त्याचाच पुढे तपासाला तोटा झाला. खुनाच्या तपासात पोलीस पहिल्यांदा विचारतात तो प्रश्न आहे मयत कोण. त्याच्या मागे नातं, भांडण, देणं-घेणं, शेवटचं कुणी पाहिलं हे सगळं येतं. इथे तो धागा पहिल्याच टोकाला तुटलेला. मुंबईने याआधीही असं पाहिलं होतं. १९६८ साली उपनगरांतल्या झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेल्यांना मारत सुटलेला एक माणूस पकडला गेला होता. तो सापडला, म्हणून त्याचं नाव घरोघर झालं. सायनचा कुणी सापडला नाही, म्हणून ती गोष्ट कुणाच्या अंगणात पोचलीच नाही. म्हणजे आपल्याकडे मेलेल्यांनाही आठवणीत जागा मिळते ती मारणाऱ्याच्या नावावर. तो नसेल तर हेही नाहीत. हे मला फार भयंकर वाटतं, दगडाइतकंच.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येणारा तो मजकूर आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस, बांधा मध्यम, रंग सावळा, केस काळे, दाढी वाढलेली, अंगात चौकड्याचा फुल शर्ट, उजव्या दंडावर गोंदलेलं. ओळख पटल्यास अमुक पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. मी कॉलेजच्या वयापासून हे वाचत आले आहे, पण कुणासाठी वाचते ते मला ठाऊक नाही. गोंदणाशी दर वेळी थांबते. कुठल्या तरी जत्रेत, कुणाच्या तरी सोबतीने, दोन-चार रुपये देऊन, दुखत असताना दात आवळून तो हात पुढे धरला असणार. नाव गोंदलेलं असेल तर ते कुणाचं. पोलिसांच्या भाषेत खरा, पण आरोपी न सापडलेला गुन्हा 'अ समरी'त जातो. म्हणजे गुन्हा घडला हे मान्य, कुणी केला ते माहीत नाही, फाइल बंद. नवा पुरावा आला तर ती उघडता येते, खुनाला मुदतीची अट नाही. पण मयत कोण हेच माहीत नाही अशा माणसासाठी नवा पुरावा घेऊन येणार कोण, कुठल्या गावाहून? तिथे कदाचित अजूनही समजूत असेल की तो मुंबईला गेला आणि आम्हाला विसरला.

माझी भाची सध्या असल्या हकिगती ऐकवण्याचा कार्यक्रम करते. घरच्या घरी, कपाटात रजया कोंबून तिथे बसून रेकॉर्ड करते. आवाज छान आहे तिचा, आणि अभ्यासही करते. तिला माझ्याकडून शहात्तरचं पुणं हवं होतं: साखळी, पेटी, बंद खिडक्या. मी तिला म्हटलं, देते, पण सुरुवात कोशापासून कर. कार्डांपासून, अहमदाबादच्या वर्गापासून. मग ती चिठ्ठी हातात घेऊन मुलाची वाट पाहणाऱ्या घराकडे ये. चौघं सगळ्यात शेवटी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, पहिल्या दोन मिनिटांत खून आला नाही तर लोक बंद करतात गं." ती खोटं बोलत नव्हती. ऐकणाऱ्याचं बोट कुठे थांबतं आणि कुठे पुढे सरकतं, याचे आलेख तिच्याकडे रोज येतात. मी म्हटलं, करू देत बंद. ती म्हणाली, तुला असं म्हणणं सोपं आहे. तेही खरं होतं. आम्ही थोडं भांडलो, चहा झाला, पुन्हा भांडलो.

शेवटी तिने मला पेचात टाकणारा प्रश्न विचारला. "बरं, अभ्यंकरांचं सांगेन मी. पुस्तकं आहेत, साल आहेत. पण तुझी ती माटुंग्याची माणसं? त्यांचं काय सांगू? नाव नाही, गाव नाही. त्यांच्याबद्दल मारणाऱ्याच्या दगडाशिवाय कुणालाच काही माहीत नाही." मी तिला म्हटलं, मशीन चालू कर. आणि मला जे दिसलं होतं ते सांगायला लागले. जूनमध्ये ती माणसं निळं प्लॅस्टिक कुठल्या खिळ्याला बांधायची. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून उशाखाली कशी घ्यायची. एक जण हाराच्या दुकानदाराला पहाटे पाणी भरून द्यायचा आणि बदल्यात त्याला तिथल्याच नळावर अंघोळ करू द्यायचे, अंघोळ झाली की तो खिशातून लाल फणी काढून दुकानाच्या आरशात भांग पाडायचा, फार वेळ, अगदी सरळ. एक म्हातारा रात्री झोपण्याआधी आपल्या जागेच्या चारी बाजूंनी फुंकर मारून धूळ उडवायचा. यांतलं कुणी त्या बारांत होतं की नाही, मला माहीत नाही. भाची म्हणाली, थांबू नकोस, तो भांग पाडणारा कसा दिसायचा? मी सांगत गेले.